प्रवासातील पेढी

व्यापाऱ्याचे मन आणि तराजूचा काटा यांत एक साम्य आहे. दोघांनाही स्थिर बैठक लागते. हलत्या जागी टांगलेला तराजू कितीही चोख असला तरी त्याचे वजन खरे येत नाही. आणि त्यात दोष ना तराजूचा, ना मालाचा, दोष टांगण्याच्या जागेचा. हा विचार आज मुद्दाम मांडण्याचे कारण असे, की आपली पेढी आता पेठेत एका जागी बसून राहिलेली नाही. ती आपल्या खिशातून आपल्याबरोबर प्रवास करू लागली आहे. बेळगाव-निपाणी भागातील आपल्यासारख्या व्यापाऱ्यांचा निम्मा जन्म महामार्गावर जातो. तेव्हा चालत्या गाडीत हाती आलेले काम शांत चित्ताने व अचूक कसे करावे, किंबहुना कोणते काम तेथे करूच नये, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

गादीची शिस्त

माझे वडील निपाणीच्या पेठेत कापडाचा व्यापार करीत. रस्त्यात भेटलेल्या गिऱ्हाइकाने भाव विचारला, तर ते त्याची वास्तपुस्त करीत, पाऊसपाण्याचे बोलत, पण भाव सांगत नसत. "दुकानी या, बसून बोलू," एवढेच त्यांचे उत्तर असे. लहानपणी मला तो आडमुठेपणा वाटे. भाव तोंडपाठ असता सांगावयास हरकत कोणती? पुढे मी स्वतः गादीवर बसू लागलो तेव्हा त्यातील मर्म उमगले. गादीवर बसले की हाताशी वही असते, समोर दिवाणजी असतात, मागील व्यवहार उलगडून पाहता येतो. आणि मुख्य म्हणजे, बसण्याच्या त्या क्रियेतच मनाचा वेग थोडा उतरतो. उभ्याने दिलेला शब्द आणि बसून दिलेला शब्द, बाजारात दोहोंची किंमत सारखीच धरली जाते. म्हणून शब्द देण्यापूर्वी बसावे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्या काळी प्रवासात व्यापार थांबत असे. निपाणीस रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. मुंबईस जावयाचे तर मोटारीने कोल्हापूर गाठावे आणि तेथून आगगाडी धरावी. एकदा गाडी सुटली, की मुंबईच्या भावाची वार्ता मुंबईसच कळे. फारच निकड असली तर मुक्कामाच्या पत्त्यावर तार येई. ट्रंक कॉल लावला तर तासन्‌तास वाट पाहावी लागे. ही गैरसोय खरीच. परंतु तिच्या पोटी एक सोय दडलेली होती. जाताना खरेदीचा विचार पुरता होई, येताना झालेल्या सौद्यांची मनात उजळणी होई. दोन बाजारांमधील हा मोकळा काळ कोणी मागून घेतलेला नव्हता. तो आपोआप पदरी पडे.

खिशातील पेढी

तो काळ सरला. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसा क्षणार्धात या गावाहून त्या गावास जाऊ लागला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालास ई-वे बिल सक्तीचे झाले, आणि त्याच दिवसापासून राज्यांतर्गत मालासही ते लावणारे पहिले राज्य आपले कर्नाटकच होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यावर हत्तरगी आणि कोगनोळी येथील टोल नाक्यांवर गाडीस जो थोडा विसावा मिळे, तोही उणावला. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेळगाव ते बेंगळुरू वंदे भारत गाडी सुरू झाली. अशा गाडीत बसून पाहावे. खिडकीबाहेर पाहणारा व्यापारी क्वचित, बाकीचे मान खाली घालून आपापल्या पेढीवर बसलेले!

या सोयींची निंदा करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ज्या भरण्यासाठी पूर्वी गडी बँकेत पाठवून अर्धा दिवस मोडे, तो भरणा आज घटकेत होतो. तथापि एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या वाडवडिलांची दर्शनी हुंडीसुद्धा दाखवीपर्यंत वाटेत असे. तेवढ्या अवधीत चूक ध्यानी आली तर निरोप धाडता येई. आजची हुंडी लिहिताक्षणी वटते. हाताचा वेग वाढला, पण पश्चात्तापास मिळणारी सवड मात्र नाहीशी झाली.

एक अनुभव

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. परंतु मी ती गाठीचे पैसे खर्चून शिकलो.

काही वर्षांपूर्वी, श्रावणाच्या दिवसांत, बेळगावचे काम आटोपून मी निपाणीकडे परतत होतो. गाडी पुतण्या चालवीत होता. पाऊस लागलेला. वंटमुरीचा चढ मागे पडला, हत्तरगीचा नाका गेला, आणि संकेश्वर सोडताना फोन वाजला. इचलकरंजीचे एक कापड उत्पादक, ज्यांना मी वडिलांच्या वेळेपासून अण्णा म्हणतो, त्यांचा निरोप होता. खड्ड्यांत गाडी हिंदकळत होती. पहिल्या दोन ओळी वाचल्या: सुताचा भाव चढल्यामुळे येत्या एक तारखेपासून मीटरमागे दोन रुपये वाढवावे लागत आहेत. आमची दिवाळीची मागणी त्यांच्याकडे अगोदरच गेली होती. माझे माथे तापले. मी तेथल्या तेथे उत्तर लिहिले: "तीस वर्षांच्या संबंधाला हा भाव लावलात. आमची मागणी रद्द समजावी." निरोप गेला. पाठोपाठ गाडी तवंदी घाटात शिरली आणि फोनची रेंज गेली.

दुकानी पोहोचलो तो दिवाणजी प्रसन्न मुद्रेने सामोरे आले. तोच निरोप दुकानाच्या फोनवरही आला होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला होता. वरच्या दोन ओळींखाली आणखी तीन ओळी होत्या. त्यांत लिहिले होते, की आपल्या मागणीस हा नवा भाव लागू नाही. आपल्या चाळीस गाठी जुन्याच भावाने बाजूस काढून ठेवल्या आहेत, निश्चिंत असावे. मी तत्काळ फोन लावला. पण उशीर झाला होता. आमची मागणी रद्द झाली असे समजून अण्णांनी त्या गाठी सांगलीच्या एका व्यापाऱ्यास देण्याचे कबूल केले होते. त्यांनी माझा शब्द शब्द म्हणून घेतला, यात त्यांचा काय दोष?

दुसरे दिवशी सकाळी मी इचलकरंजीस गेलो. अण्णांनी चहा मागविला, घरची चौकशी केली. मी क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "शेठ, रागावलात त्याचं काही वाटलं नाही. पण तुमच्या वडिलांनी आम्हाला कधी उभ्याने उत्तर दिलं नव्हतं."

त्या दिवाळीस आम्हांस अन्यत्र चढ्या भावाने माल घ्यावा लागला. ते नुकसान पुढील हंगामात भरून निघाले. अण्णांशी असलेला घरोबाही कायम आहे. परंतु आजही माझा काही महत्त्वाचा निरोप गेला, की ते आधी दिवाणजींना फोन करून विचारतात, "शेठ कुठे आहेत? प्रवासात आहेत का?" ते हे हसत विचारतात, आणि मीही ऐकून हसतो. पण पत म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नाने जितके शिकविले तितके कोणी शिकविले नाही.

मन का डळमळते

प्रवासात माणूस एरवीपेक्षा मूर्ख होतो असे नव्हे. त्याची कारणे शरीरातच आहेत. हातातील अक्षरे डोळ्यांना स्थिर दिसतात, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर हलत असल्याचे सांगत असते. या दोन परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो. म्हणूनच घाटात वाचू लागले की डोके जड होते, मळमळते. ज्या स्थितीत अन्न पोटात ठरत नाही, त्या स्थितीत विचार तरी डोक्यात कसा ठरावा?

दुसरे कारण पडद्याचे. वहीचे पान उघडले की डावी-उजवी बाजू एकदम दिसते. फोनवर कागदाचा तुकडा दिसतो आणि उरलेला दडून राहतो. माझ्या बाबतीत घडले ते हेच. तिसरे कारण तुटक्या संपर्काचे. पैसे पाठविताना रेंज गेली, चक्र फिरत राहिले, की आपण अधीर होऊन पुन्हा कळ दाबतो आणि रक्कम दोनदा जाते. व्यवहार अडकलेला दिसला तर प्रथम बँकेतील खात्यात खर्च पडला की नाही हे पाहावे, मगच दुसरे पाऊल उचलावे. चौथे कारण दुसऱ्यांच्या घाईचे. प्रवासी माणूस घाईत असतो हे सर्वांस ठाऊक असते. भामट्यांस तर विशेष ठाऊक असते. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. तो केवळ पैसे देण्यासाठी असतो. एवढे एकच वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे. आणि दुर्दैवाने फसगत झालीच, तर लाजेने वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

सीमेवरील कागद

आपल्या भागात या प्रश्नास एक विशेष धार आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी व कागल ही शेजारची गावे दोन राज्यांत गेली. गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच, बोली तीच. पण बिलाचा कागद निराळा. निपाणीच्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, कागलच्या व्यापाऱ्याचा २७ ने. निपाणीहून बेळगावास माल गेला तर केंद्राचा व राज्याचा असा दुहेरी कर लावावयाचा. आणि अर्ध्या तासावरील कागलास गेला तर आंतरराज्य कर. हा फरक गादीवर बसलेल्या मनुष्यास सहज स्मरतो. गाडीत बसून घाईने बिल करणाऱ्याच्या हातून मात्र एक खूण चुकीच्या घरात पडते. चुकीच्या सदराखाली भरलेला कर परत मागावा लागतो आणि योग्य कर नव्याने भरावा लागतो. व्याज पडत नाही हे खरे, पण भांडवल अडकते आणि हेलपाटे पडतात ते वेगळेच.

ई-वे बिलाचेही असेच आहे. त्याच्या पहिल्या भागात माल, किंमत व घेणाऱ्याचा तपशील असतो. तो एकदा भरला की दुरुस्त करता येत नाही. चुकले तर चोवीस तासांच्या आत ते बिल रद्द करून नवे करावे लागते. वाहनाचा क्रमांक दुसऱ्या भागात असतो, तो मात्र बदलता येतो. बेळगावच्या वाहनास केए २२, चिकोडीच्या वाहनास केए २३, कोल्हापूरच्या वाहनास एमएच ०९. हिंदकळत्या गाडीत बोटाखाली दोनचा तीन होण्यास कितीसा वेळ लागतो? सरकारच्या १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने नावातील एखाद्या अक्षराची किंवा वाहन क्रमांकातील एक-दोन आकड्यांची चूक किरकोळ मानली आहे; तिला आंतरराज्य मालाच्या बाबतीत १,००० रुपये दंड आहे. परंतु बिलच नसणे किंवा मुदत टळलेली असणे, अशा दोषांची गणना किरकोळ चुकांत होत नाही. करपात्र माल अडविला गेला, तर तो सोडवून घेण्यास मालकाला १ जानेवारी २०२२ पासून कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी बिलाची मुदत असते, आणि ती संपण्यापूर्वी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तास एवढ्याच अवधीत वाढवून घेता येते. येथे थोडी दक्षता पुरते; पण ती दक्षता स्वस्थ डोक्याने घ्यावी लागते.

कामाच्या तीन राशी

इचलकरंजीहून परतल्यावर मी स्वतःसाठी एक नियम केला. धान्य निवडताना आपण जशा राशी घालतो, तशा प्रवासातील कामाच्या तीन राशी घातल्या.

पहिली रास चालत्या गाडीतील कामाची. त्यात ऐकणे, विचार करणे आणि फार तर आलेले निरोप पाहून ठेवणे, एवढेच. उत्तर द्यावयाचे तर एकच: "निरोप मिळाला, पोहोचल्यावर कळवितो." या चार शब्दांनी आजवर कोणाचा व्यापार बुडालेला मी पाहिला नाही.

दुसरी रास थांबलेल्या गाडीतील कामाची. संकेश्वरास चहाला उतरावे, कागद उघडावा, संपूर्ण वाचावा, मग फोन करावा किंवा लिहावे. वाहनाचा क्रमांक बदलणे, मालाची चौकशी, भेटीची वेळ ठरविणे ही कामे येथे खुशाल करावीत.

तिसरी रास मुक्कामाची. पैसे पाठविणे, भाव कबूल करणे, मागणी रद्द करणे, कराचे विवरण भरणे, आणि रागाने लिहावयाचे प्रत्येक उत्तर, ही कामे मुक्कामी बसून, पाणी पिऊन, वाटल्यास एक रात्र मध्ये जाऊ देऊन करावीत. रागाच्या उत्तराची गंमत अशी, की मुक्कामी पोहोचेपर्यंत बहुधा ते लिहिण्याचे कारणच उरत नाही.

जो स्वतः गाडी चालवितो त्याच्यासाठी यांतील एकही रास नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदास सुमारे १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद नजर फोनवर गेली, तर पन्नास मीटर रस्ता आपण डोळे मिटून चाललो असे समजावे. तवंदीच्या वळणावर पन्नास मीटर म्हणजे काय, हे निपाणीकरांस सांगावयास नको. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालविणे हे धोकादायक वाहनचालनात गणले आहे. पण कायदा नसता तरी घरी वाट पाहणारी माणसे आहेतच.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवासातील शांतता निघण्यापूर्वीच कमवावी लागते. आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीची बिले पाहून ठेवावीत. ई-वे बिलाच्या सरकारी संकेतस्थळावर मालकास आपल्या हाताखाली दुय्यम वापरकर्ते नेमता येतात. तो अधिकार घरातील किंवा पेढीवरील एका विश्वासू व्यक्तीस द्यावा. आमच्या घरी हे काम सूनबाई पाहतात. मी कितीही घाईने फोन केला तरी त्या गिऱ्हाइकाचा क्रमांक दोनदा वाचून घेतल्याखेरीज पुढे सरकत नाहीत, आणि त्यामुळे आमच्या बिलांतील चुका जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. मुख्य गिऱ्हाइकांस सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा दोन वेळा सांगून ठेवाव्यात. वेळ ठरलेली असली की समोरचा मनुष्य वाट पाहतो. ठरलेली नसली की दहा वेळा फोन करतो. अत्यावश्यक क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत, कारण फोनची शक्ती संपली की स्मरणशक्तीही संपल्यासारखी होते.

आपल्या घरांतून सामायिकासाठी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, बसण्याची परंपरा आहे. तो आत्मसाधनेचा भाग झाला, आणि त्याची सांगड मला व्यापाराशी घालावयाची नाही. परंतु ज्या घरांतील आजी-आजोबांस ४८ मिनिटे एका आसनावर समभावाने बसता येत होते, त्या घरांतील आपणांस बेळगाव-निपाणी एवढ्या प्रवासात फोन पिशवीत ठेवता येऊ नये, हे मनाला पटत नाही. मी आता घाट लागण्यापूर्वी फोन बंद करून ठेवतो. आरंभी हात शिवशिवतात. मग शेते दिसू लागतात, बरोबरच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ लागते, आणि पुष्कळ वेळा अडलेल्या व्यवहाराची वाटही त्याच वेळी सापडते.

सहकुटुंब प्रवासास निघाल्यावर तर हा नियम अधिकच पाळावा. मुले आपले बोलणे थोडे ऐकतात आणि आपले वागणे पुष्कळ पाहतात. उद्या गादीवर तीच बसणार आहेत. त्यांनी आपल्याकडून घाई शिकावी की बैठक, हे आपणच ठरवावयाचे आहे.

रात्री रोजमेळ जुळल्याखेरीज दिवा मालवावयाचा नाही, ही आपल्या पेठेची जुनी रीत. त्यात मी एक ओळ वाढविली आहे. प्रवासाच्या दिवशी रोजमेळ पाहताना स्वतःस विचारतो, आज उभ्याने कोणास उत्तर दिले काय? ज्या दिवशी उत्तर "नाही" असे येते, त्या रात्री झोप चांगली लागते. माझ्या व्यापारीबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग येत्या वर्षी एकदा करून पाहावा, अशी नम्र विनंती करून, आणि सर्वांचे प्रवास सुखरूप होवोत व हिशेब बिनचूक राहोत अशी इच्छा व्यक्त करून, ही लेखणी खाली ठेवतो. लेख लिहिला तो मात्र निपाणीस, दुकानी, गादीवर बसून.